संत्रा बासुंदी: फाटू नये, कडू होऊ नये, पाणी सुटू नये

सराटा
दिवाळी जवळ आली की बासुंदीत संत्रं घालण्यावरून दरवर्षी तेच प्रश्न येतात. फाटली, कडू झाली, दुसऱ्या दिवशी पातळ झाली. म्हणून भाऊबीजेच्या आधी मापासकट लिहून ठेवतो. ज्यांची पद्धत वेगळी आहे त्यांनी खाली बिनधास्त भांडावं.

हे माप साधारण ९ वाट्यांचं आहे, वाटी १३० मिलीची. दूध फुल क्रीम २ लिटर, साखर १२० ग्रॅम, मध्यम संत्री ६ (बिया-पापुद्रे काढून साधारण ३५० ग्रॅम गर निघतो), केशर १५-२० काड्या, वेलदोडे ३, चारोळी एक मोठा चमचा. जायफळ नको, संत्र्याशी त्याचं जमत नाही.

दूध उकळायच्या आधीचं काम: ज्या कढईत आटवणार तिच्यात ९०० मिली पाणी ओता, लाकडी डाव उभा धरा आणि पाणी जिथवर आलं तिथे पेन्सिलीने रेघ मारा. पुढे ‘निम्म्याहून थोडं कमी’ वगैरे अंदाज लागत नाहीत, डाव बुडवला की कळते. साधी बासुंदी निम्म्यावर आली की थांबतात. हिच्यात संत्र्याचा ओलावा पडणार आहे, म्हणून ती साखरेसकट ९०० मिलीवर आणायची.

कढई रुंद आणि जाड बुडाची पाहिजे, ११-१२ इंच तोंडाची. पाणी फिरवून ओतून द्या, आत थोडी ओल राहू द्या, मग दूध ओता. ओल्या बुडाला दूध लवकर धरत नाही. पहिली उकळी मोठ्या आचेवर, नंतर मध्यम. दर ३-४ मिनिटांनी वरची साय कडेला सारा, तिथेच चिकटू द्या आणि सराट्याने (उलथण्याने) बूड खरवडा. कडेची साय मधूनमधून सोडवून दुधात घ्या, पण घोटून मोडू नका. लच्छे तिचेच होतात. २ लिटरला ६० ते ७० मिनिटं लागतात.

साखर शेवटी, दूध १ लिटरच्या आसपास आलं की. घातल्याबरोबर बासुंदी पातळ दिसते, घाबरू नका, साखर विरघळली की तसंच होते. पुढे ८-१० मिनिटं उकळून रेघेपर्यंत आणा. साखर सुरुवातीलाच घातली तर दूध लालसर होते आणि बुडाला धरते.

गॅस बंद, केशर-वेलची घाला. कढई पाण्याच्या परातीत ठेवून अधूनमधून हलवत निववा, मग झाकून फ्रिजमध्ये ४-५ तास. संत्र्याचा गर वेगळा थंड करा. वाढायच्या अर्धा-पाऊण तास आधी दोन्ही एकत्र. त्याआधी नाही. या एका वाक्यासाठी हा सगळा धागा काढला आहे.

मनीषनगरवाली
सराटा भाऊ, धन्यवाद. दोन शंका. कोमट बासुंदीत घातलं तर नाही का चालणार? अगदी गार होईपर्यंत थांबायलाच पाहिजे? आणि टोन्ड दुधाने करता येईल का, घरी तेच येते.

सराटा
कोमटात नको. फाटली नाही तरी रवाळ होते. टोन्ड दुधाने होईल, पण आटवण जास्त लागेल. पिशवीवर वाचा: फुल क्रीममध्ये स्निग्धांश ६ टक्के आणि बाकी घन पदार्थ ९ टक्के, टोन्डमध्ये ३ आणि साडेआठ. म्हणजे तेवढाच दाटपणा यायला २ लिटर टोन्ड ७०० मिलीच्या आसपास आणावं लागते. वाट्या कमी भरतील आणि साय पातळ पडेल. त्यापेक्षा त्या दिवशी दोन पिशव्या फुल क्रीमच्या आणा.

लिंबूवर्गी
कोमट का नको, याचं कारण देतो. ते कळलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट. दुधाचा पीएच ६.६-६.७ असतो. संत्र्याचा रस फळाच्या पिकण्यानुसार साडेतीन ते चारच्या आसपास. दुधातलं केसिन हे प्रथिन बारीक गोळ्यांच्या रूपात तरंगत असते. आंबट मिसळलं की ते गोळे एकमेकांना चिकटायला लागतात. साध्या तापमानाला पूर्ण साकळायला पीएच ४.६ पर्यंत उतरावा लागतो, पण दूध गरम असलं तर त्याच्या कितीतरी आधीच, साडेपाचच्या सुमारालाही, ते फुटते. पनीर करताना उकळत्या दुधाला दोन-तीन चमचे लिंबू पुरते ते याच्यामुळेच. फ्रिजमधल्या गारव्यात हेच चिकटणं फार मंद चालते.

दुसरी गोष्ट आपल्या बाजूची आहे. आटवलेल्या दुधात प्रथिनं आणि क्षार दाट झालेले असतात, त्यामुळे थोडा आंबटपणा ते पचवून घेते. तेवढंच संत्रं साध्या गार दुधात घातलं तर पटकन बिघडेल.

तिसरं, संत्र्याच्या फोडीत रस मोकळा नसतो, बारीक पिशव्यांत भरलेला असतो. त्या पिशव्या शाबूत राहिल्या तर दुधाला आंबट लागतच नाही, तोंडात गेल्यावरच फुटते. म्हणून रस नको, गर पाहिजे, आणि गर मिसळताना डावाने ढवळायचं नाही, खालून वर उचलायचं.

इतवारीकर
बरोबर आहे, पण फळ कोणतं घेता त्याच्यावरही बरंच आहे. दिवाळीला बाजारात आंबिया बहार असते (बहार म्हणजे झाडाला फुलं येण्याचा हंगाम). फुलं जानेवारी-फेब्रुवारीची, तोड साधारण ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत. कोजागिरीच्या वेळचं फळ बहुतेक आंबटच. दिवाळी उशिरा आली तर बरं मिळते, आणि नोव्हेंबरच्या शेवटी खरी गोडी येते. मृग बहाराचं फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, ते होळीला किंवा गुढीपाडव्याला बासुंदीत घाला. जास्त गोड, कमी आंबट.

सालीचा रंग पाहून घेऊ नका. सुरुवातीच्या फळाची साल हिरवट असली तरी आतून गोड निघू शकते. हातात घ्या, आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. साल सैल असावी, पण आत फळ खुळखुळ हलत असेल तर ते सुकलेलं आहे. विकणाऱ्याला एक फोडून मागा. नागपुरात कॉटन मार्केटला काय आणि गोकुळपेठेत काय, चाखायला देतात.

आणि डिसेंबरपासून किन्नो येतो बापा, पंजाबकडचा. गुळगुळीत, चकचकीत, गडद केशरी, साल फळाला घट्ट चिकटलेली. तो नागपुरी संत्रा नाही. रस भरपूर पण बिया खूप, आणि रस ठेवला की कडवट होते. आपल्या संत्र्याची साल सैल असते, देठाकडे बऱ्याचदा उंचवटा असतो, आत १०-११ फोडी सुट्या होतात. २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं ते याच फळाला.

गोकुळपेठची काकू
गर थंड बासुंदीत घालता ते ठीक, पण त्याने बासुंदीला संत्र्याचा वास लागत नाही. दूध वेगळं आणि फोडी वेगळ्या लागतात. मी २ संत्र्यांचा रस काढून त्यात २ चमचे साखर घालते, मंद आचेवर मधासारखा दाट करते, पूर्ण निवू देते आणि थंड बासुंदीत ३ चमचे घालते. रंगही छान येतो. आटवल्याने आंबटपणा उडून जातो.

लिंबूवर्गी
काकू, पद्धत चालेल पण कारण बरोबर नाही. आटवल्याने पाणी उडते, सायट्रिक आम्ल उडत नाही. ते तेवढंच राहते आणि कमी रसात एकवटते. म्हणजे तुमचा पाक चमच्यामागे रसापेक्षा जास्त आंबट आहे. तरी बासुंदी फाटत नाही, कारण तुम्ही ३ चमचेच घालता, साखर भरपूर असते आणि दोन्ही गार असतात. ‘आंबटपणा उडाला’ समजून कोणी ८-१० चमचे ओतले तर नक्की फसेल. शिवाय शिजवलेल्या रसाचा वास मुरंब्याकडे झुकतो, ताज्या संत्र्याचा राहत नाही.

गोकुळपेठची काकू
बरं, आम्ल उडत नाही हे मानलं. पण वासाचं काय? तो प्रश्न तसाच राहिला.

सराटा
वास मुख्यतः सालीत आहे काकू, रसात कमी. संत्री कोमट पाण्याने घासून धुवा, पुसा आणि बारीक किसणीवर सालीचा वरचा केशरी भाग हलक्या हाताने किसा. एका जागी एकदाच, फळ फिरवत राहायचं. पांढरा भाग आला की कडू. २ लिटरच्या बासुंदीला अर्धा छोटा चमचा कीस पुरे, सपाट. तो मापातल्याच एक मोठा चमचा साखरेत बोटांनी चोळा, साखर ओलसर आणि केशरी होते, सालीतलं तेल तिच्यात उतरते. ही साखर गॅस बंद केल्यावर घाला. उकळताना घातली तर वास भांड्यात कमी आणि घरात जास्त. किसात आंबट रस नसल्यासारखाच असतो, म्हणून गरम बासुंदीत घातला तरी दूध फाटत नाही.

कीस घातला तर वेलदोडे ३ वरून १ करा. दोन्ही भरपूर घातले की कोणाचाच वास नीट येत नाही. नागपुरी संत्र्याची साल सैल आहे, सोलल्यावर किसता येत नाही, किसणी आधी आणि सोलणं नंतर.

गोकुळपेठची काकू
हे करून बघण्यासारखं आहे. माझा पाक वरून धार सोडायला ठेवते.

गंजभर_दूध
कडवटपणावर कोणी नीट लिहीना. रात्री खाल्ली तेव्हा छान, सकाळी कडू. काहून होते हे? पांढरे धागे सगळे काढले तरी होते.

लिंबूवर्गी
पांढरे धागे दिसतात म्हणून त्यांच्यावर सगळा राग निघतो. खरं काम बिया आणि फोडीवरचा पातळ पापुद्रा करतात. त्यांच्यात एक असा पदार्थ असतो जो मुळात कडू नसतो. बी चिरडली किंवा पापुद्रा फाटला की तो आंबट रसात येतो आणि हळूहळू लिमोनिन होतो. ते कडू. याला काही तास लागतात, म्हणून रात्री कळत नाही. गरम केलं तर लवकर होते. मिक्सरमध्ये फोडी बियांसकट फिरवून गाळलेला रस यासाठी सगळ्यात वाईट, गाळणीत बिया अडकतात पण कडूपणा खाली उतरलेला असतो.

उपाय साफ करण्यात आहे. फोड आतल्या धारेवर कात्रीने कापा, पापुद्रा दोन्हीकडे उघडा, बी बोटाने काढा, गर मोठ्या तुकड्यात सोडवा. बी कापली जाऊ देऊ नका. पापुद्रे पिळून त्यांचा रस गरात घेऊ नका, तो वेगळा प्या. एवढं करूनही सकाळपर्यंत ठेवायची असेल तर बासुंदी आणि गर वेगवेगळेच ठेवा.

मनीषनगरवाली
गर आदल्या रात्री काढून ठेवला तर? भाऊबीजेच्या सकाळी एवढा वेळ नसते.

सराटा
चालते. काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये, १०-१२ तास. साखर अजिबात लावू नका. साखर लावली की ती रस बाहेर ओढते, सकाळी डब्यात अर्धं पाणी. आणि घालण्याआधी गर चाळणीत १० मिनिटं निथळायला ठेवा, हलवू नका. साखर नसली तरी तळाशी दोन-तीन चमचे रस जमतोच, आणि ‘बासुंदीला पाणी सुटलं’ म्हणतात ते बहुतेक तेच असते. निथळलेला रस बासुंदीत नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी
मी उलटं वाचलं होतं. गराला आधी साखर लावून २० मिनिटं ठेवायचं, सुटलेला रस फेकायचा, म्हणजे आंबटपणा कमी होतो आणि नंतर पाणी सुटत नाही. यात चूक काय?

लिंबूवर्गी
आंबट फळाला ही युक्ती कामाची आहे, कोजागिरीच्या वेळच्या फळाला तर नक्की. पण गराचे तुकडे आकसतात, चामट होतात. गोड फळ असेल तर उगाच त्याचा रस घालवताय. मी आधी फोड चाखून ठरवेन. अगदीच आंबट असेल तर गर ३५० वरून २०० ग्रॅमवर आणेन आणि सालीचा कीस थोडा वाढवेन.

इतवारीकर
आणि अगदीच आंबट असेल तर त्या वर्षी सीताफळ घाला ना! ऑक्टोबरात तेही असते. गर आंबट नसतो, फाटायची भानगड नाही. फक्त उकळत्या बासुंदीत नको, सीताफळाचा गर तापला की कडवट होते. तोही गारच घालायचा.

गंजभर_दूध
महालक्ष्म्यांच्या नैवेद्याला करता येईल का ही? पुरणपोळी, आंबील, सोळा भाज्या असतातच, खीर बदलून हे ठेवलं तर?

गोकुळपेठची काकू
भाद्रपदात ताजं नागपुरी संत्रं कुठून आणणार? तेव्हा मिळते ते शीतगृहातलं किंवा बाहेरचं, चवीला पाणचट. त्या दिवशी खीरच ठेवा. आणि फुलोरा, आंबील, भाज्या असं सगळं करत असताना ७० मिनिटं कढईपुढे कोण उभं राहणार, तेही बघा.

मनीषनगरवाली
२५ जणांसाठी करायची आहे. सगळं माप तिप्पट करू का?

सराटा
दूध, साखर, गर तिप्पट. ६ लिटर, ३६० ग्रॅम, साधारण १ किलो गर (१८ संत्री). कीस मात्र तिप्पट नको, एक छोटा चमचा घालून चाखा. पण एकाच मोठ्या गंजात (पातेल्यात) ६ लिटर आटवू नका. पाणी वरच्या पृष्ठभागातून उडते. गंज उंच आणि तोंडाला अरुंद असला तर अडीच-तीन तास सहज जातात, तेवढ्या वेळात दूध लालसर होऊन चव रबडीकडे जाते आणि बुडाला लागायची भीती. ३-३ लिटरच्या दोन रुंद कढया दोन शेगड्यांवर लावा, दीड तासात होईल.

उतू जायची धास्ती असेल तर सुरुवातीच्या अर्ध्या तासात तळाशी छोटी बशी पालथी टाका, ती खडखडत राहते आणि वाफ एकदम उसळत नाही. दूध दाट झालं की काढून घ्या, नाहीतर तिच्याखालीच करपते.

१८ संत्र्यांचा गर काढायला दोघांना एक तास धरा. बासुंदी आदल्या दिवशी, गर आदल्या रात्री, एकत्र सकाळी जेवणाच्या आधी. बासुंदी जाडसर झाली असेल फ्रिजमध्ये, तर निवलेलं उकळलेलं दूध पाव वाटी घालून आधी सारखी करा, मग गर. उलटं केलं तर सारखी करताना गर फुटतो.

पुण्यातला_वऱ्हाडी
एवढा वेळ नसेल तर कंडेन्स्ड मिल्क? आणि दाटपणाला थोडं कॉर्नफ्लॉवर?

गंजभर_दूध
कॉर्नफ्लॉवर घातलं की ते कस्टर्ड झालं, बासुंदी नाव देऊ नका. गार झालं की थबथबते, वरून संत्र्याचा रस लागला की पाणी सोडते आणि जिभेवर पिठूळ थर बसते.

कंडेन्स्ड मिल्क चालते, पण त्यात चाळीस टक्क्यांच्या वर साखरच असते हे ध्यानात ठेवा. १ लिटर फुल क्रीम ५५० मिलीपर्यंत आटवा, अर्ध्या तासात होते. त्यात २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ५ मिनिटं उकळी, बस. वरची साखर शून्य. ५-६ वाट्या होतील, गर २५० ग्रॅमच्या वर नको. सायीचे लच्छे कमी मिळतील, एवढं मान्य करा.

दूध पावडर घालत असाल तर लिटरमागे २ मोठे चमचे, गार दुधात कालवून. जास्त घातली की दुसऱ्या दिवशी जिभेवर वाळू लागते. अति आटवलेल्या बासुंदीचंही तेच होते. दुधातली साखर पाण्यात फारशी विरघळत नाही, दाट आणि गार झालं की तिचे खडे धरतात. म्हणून रेघेच्या खाली नेऊ नका.

पुण्यातला_वऱ्हाडी
चिमूटभर खायचा सोडा घातला तर फाटत नाही म्हणतात?

लिंबूवर्गी
सोडा आम्ल मारतो, त्यामुळे फाटणं लांबते हे खरं. पण दूध पिवळट-तपकिरी होते आणि साबणासारखी चव मागे राहते. ज्या संत्र्याच्या चवीसाठी एवढं केलं तीच चपटी होते. गार करून घालणं फुकट आहे, सोडा काहून घालता?

इतवारीकर
पितळी कढईत आटवायची पद्धत आहे आपल्याकडे. तिच्याबद्दल?

सराटा
कल्हई ताजी असेल तर आटवायला उत्तम, उष्णता सारखी पसरते. कल्हई उडालेली असेल तर दूधही नको. आणि संत्रं मिसळणं कोणत्याही परिस्थितीत पितळ, तांबं किंवा ॲल्युमिनियममध्ये नाही. आटवून झाली की स्टीलच्या गंजात किंवा काचेच्या भांड्यात काढा, पुढचं सगळं तिथेच.

बुडाला लागलंच तर खरवडू नका. गॅस बंद करा, वरची बासुंदी न हलवता दुसऱ्या भांड्यात ओता, बूड तसंच सोडा. लवकर कळलं तर वाचते. धुरकट वास पूर्ण उतरला असेल तर वेलची, केशर, कीस काहीच झाकत नाही.

मनीषनगरवाली
आणि सगळं करूनही फाटली तर? एवढं दूध फेकायचं का?

गोकुळपेठची काकू
फेकायचं काहून? नुसती रवाळ झाली असेल तर गारच मिक्सरमध्ये २० सेकंद फिरवून पेल्यांत ओता, पेय म्हणून द्या. नावाला मात्र बासुंदी म्हणू नका.

पूर्ण फाटली असेल तर पातळ सुती कापडात २ तास टांगा. खाली निथळेल ते गोड पाणी कणकेत घाला. वरचा गोळा मोजा. २५० ग्रॅमला ४० ते ५० ग्रॅम साखर, कारण आधीची साखर बरीचशी पाण्यात गेली असते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परता, कडा सोडून गोळा फिरायला लागला की तूप लावलेल्या ताटात अर्धा इंच जाड थापा. वरून थोडा कीस. ४ तासांनी वड्या पाडा. कलाकंदासारखी दाणेदार होते. गर शिजल्यामुळे थोडी कडवट झाक राहू शकते, म्हणून लहान वड्या पाडा. फ्रिजमध्ये २-३ दिवस.

गंजभर_दूध
मग टिकायचं एकूण काय गणित?

सराटा
बिनसंत्र्याची बासुंदी फ्रिजमध्ये ३ दिवस. गर मिसळल्यावर फ्रिजमध्ये ३-४ तास उत्तम, त्यानंतर खाण्यासारखी असते पण पातळ आणि पुढे कडवट. ताटात, म्हणजे बाहेर, एक तास. पंगतीला एकदम सगळी काढू नका, एकेक भांडं फ्रिजमधून आणा. प्रवासाला द्यायची असेल तर बासुंदीचा डबा बर्फाच्या पिशवीत आणि गराचा डबा वेगळा.

इतवारीकर
सोबत पुरी आणि सांबारवडी (कोथिंबिरीची वडी) ठेवा, कढी ठेवू नका. गोड-आंबट बासुंदी आणि वर कढी, दोन्हींची चव मरते.

मनीषनगरवाली
शेवटचं. मुलांना तुकडे नको असतात, गर बारीक करून घालू का त्यांच्या वाटीत?

लिंबूवर्गी
बारीक केला की पिशव्या फुटल्या, म्हणजे रसच झाला. मुलांच्या वाट्यांत गर घालूच नका, सालीच्या किसाची साधी बासुंदी द्या. वास संत्र्याचा येईल, तुकडा एकही नाही.

मनीषनगरवाली
हे बरं आहे. उद्या कॉटन मार्केट.

इतवारीकर
सकाळी लवकर जा. आणि फोडून चाखल्याशिवाय डझनाचा भाव करू नका.